दोन आखूड, एक लांब

माझ्या सुलूला जुळे मुलगे झाले, ते वर्ष. बारसं आठ ऑगस्टला, सोमवारी झालं. एकाचं नाव तन्मय ठेवलं, दुसऱ्याचं चिन्मय. मी म्हटलं, अशी नावं ठेवाल तर एकाला हाक मारली की दोघं धावत येतील. बायका हसल्या. सुलू म्हणाली, "बाबा, मला रडण्यावरून कळतं कोण ते." आणि खरंच कळायचं तिला. आतल्या खोलीत एक रडला की पाठमोरी असली तरी ती सांगायची, हा चिन्मय.

दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडून मी हर्णैहून कामावर आलो. पिशवीत पेढे होते.

मी खलाशी. खलाशी म्हणजे बोटीवरचा, असं लोकांना वाटतं. मीही नवव्या वर्षी बोटीवरच गेलो, म्हणून शाळा राहिली. पण अवजड माल बांधून उचलणाऱ्यालाही खलाशीच म्हणतात, आणि वयाच्या तिशीनंतर मी तेच काम केलं. खोपोलीच्या अलीकडे एक कंपनी पाण्याचे मोठे पाइप बनवायची, इतके मोठे की आत माणूस सरळ उभा राहील. तीनशे फूट लांब शेड. वर रुळांची एकच जोडी आणि तिच्यावर दोन क्रेन, एक नंबर आणि दोन नंबर. एक नंबरवर इकबाल परकार, आमच्या बाजूचाच, दाभोळचा. मी त्याच्या टोळीचा मुकादम. माझ्या हाताखाली काशिनाथ दोरकुळकर, माझ्याच वाडीतला. उचललेल्या पाइपला दोर बांधून तो खालून सांभाळत न्यायचा.

क्रेनवाल्याची केबिन वर पुलाखाली लटकलेली असते. त्याची नजर खाली मालावर. दुसरी क्रेन कुठे आहे ते त्याला दिसत नाही. ते खालून आम्ही सांगायचं, शिट्टीने. शेडमध्ये दोन टोळ्या, म्हणून प्रत्येक टोळीची खूण वेगळी. आमची दोन आखूड, एक लांब. दोन नंबरवाल्यांची तीन तुटक. आधी खूण वाजवायची, मग उचल, थांब, मागे घे, काय सांगायचं ते. इकबाल आमची खूण ऐकली की केबिनमधून हात बाहेर काढायचा. तीन तुटक वाजलं तर मान वर करायचा नाही. बारा वर्षं आम्ही असं काम केलं आणि बारा वर्षांत शेडमध्ये कुणाचं बोट चेंगरलं नाही.

त्या मंगळवारी शेडमध्ये एक मुलगी लॅपटॉप मांडीवर घेऊन रिकाम्या पेटीवर बसली होती. मृणाल थिटे, पुण्याची. क्रेनमधलं अंतर मोजायचं लेसरचं यंत्र बसवायला तिच्या कंपनीने तिला पाठवलं होतं. यंत्र एक नंबरवर बसलं होतं. दोन नंबर दुरुस्तीसाठी बंद होती, तिचं यंत्र खोक्यातच होतं. मी पेढा दिला. तिने विचारलं कशाचा, मी सांगितलं जुळ्यांचा. तिने दोन घेतले.

मग मी विचारलं हे काय करतं. तिने नीट सांगितलं. यंत्र उजेडाचे ठिपके मारतं, डोळ्यांना दिसत नाहीत असे. ठिपका समोरच्या क्रेनवर आदळून परत आला की जायला-यायला किती वेळ लागला त्यावरून यंत्र अंतर काढतं. लांब असेल तर केबिनमध्ये हिरवा दिवा, जवळ आली की लाल, आणि क्रेन आपोआप थांबते.

मी थोडा वेळ विचार केला. म्हटलं, "पोरी, समोरच्या क्रेनवरही हेच बसणार ना? मग दोघं समोरासमोर उभे राहून एकमेकांच्या डोळ्यांत उजेड मारणार. परत आलेला आपला कुठला आणि त्याचा कुठला, हे याला कळणार कसं?"

तिने लॅपटॉप बाजूला ठेवला. म्हणाली, "काका, तुमच्या तीन साहेबांनी याच्या कागदावर सह्या केल्यात. हे एकानेही विचारलं नाही."

मग तिने पेटीवर बोटांनी वाजवून दाखवलं. ठिपके घड्याळासारखे एका तालात जात नाहीत. थांबत, घाई करत, परत थांबत, अशा ठरलेल्या चालीने जातात. प्रत्येक यंत्राला वेगळी चाल देता येते. परत आलेल्या उजेडात आपलीच चाल दिसली तर यंत्र तो आपला मानतं. दुसऱ्याचा उजेड कितीही झगझगीत असला तरी सोडून देतं.

मी गळ्यातली शिट्टी तोंडाला लावली. दोन आखूड, एक लांब. वरून इकबालचा हात बाहेर आला. मग तीन तुटक वाजवलं. हात आत गेला आणि पुन्हा दिसला नाही.

मुलगी खूप हसली. म्हणाली, "म्हणजे तुमच्याकडे हे आधीपासून आहे. मी उगीच पुण्याहून आले."

संध्याकाळी जाताना तिने निमकर साहेबांना माझ्यासमोर सांगितलं. निमकर शेडचे इंजिनीयर, सगळा कारभार त्यांच्या हातात. ती म्हणाली, कारखान्यातून येताना सगळ्या यंत्रांना एक नंबरचीच चाल दिलेली असते. दुसरं बसवाल तेव्हा त्याला दोन नंबरची द्या. जमलं नाही तर मला बोलवा, पाव तासाचं काम आहे. निमकर म्हणाले, हो हो. त्यांनी तिला चहा पाजला. तिने जाताना मला आपलं कार्ड दिलं. मी ते इकबालकडे दिलं, मला त्याचा काय उपयोग.

पुढच्या मंगळवारी दोन नंबर दुरुस्त होऊन आली आणि तिच्यावर यंत्र चढलं. निमकर स्वतः शेडमध्ये कॉम्प्युटर घेऊन उभे राहिले. शुक्रवारी मुंबईच्या मोठ्या ऑफिसची माणसं शेड बघायला येणार होती, म्हणून त्यांना घाई. पहिल्या यंत्रातलं सगळं जसंच्या तसं उचलून त्यांनी दुसऱ्यात टाकलं. एकदा केलेलं काम पुन्हा कशाला करायचं, असं इलेक्ट्रिशियनला म्हणाले. ते मी ऐकलं. पण तेव्हा माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. आजही त्याची चीड येते.

बुधवारी सकाळी इकबाल वरून उतरला आणि म्हणाला, "दादा, दिवा वेडा झालाय."

दोन नंबर शेडच्या पार त्या टोकाला असली की लाल लागायचा. अगदी जवळ असली की कधी लाल, कधी हिरवा. चहाच्या सुट्टीत मी दोन्ही क्रेन समोरासमोर आणून उभ्या करायला सांगितल्या, मध्ये पंचवीस फूट. इकबालच्या केबिनमध्ये हिरवा. मग काशिनाथ शिडीवरून वर गेला आणि दोन नंबरच्या यंत्राच्या डोळ्यावर गोणपाट टाकलं. इकबालचा दिवा लगेच लाल झाला, आणि लालच राहिला. गोणपाट काढलं, परत हिरवा. टाकलं, लाल. असं चार वेळा केलं. काशिनाथ वरून मला ओरडून म्हणाला, "हरबादा, दोघींची खूण एकच आहे. दोघी एकाच हाकेला ओ देतायत."

इकबालने कार्डावरच्या नंबरावर फोन केला. मृणालला ऐकताक्षणी कळलं. म्हणाली, दोन्ही क्रेन एकत्र चालवू नका, आणि मी आत्ता साहेबांना मेल करते.

मी तसाच निमकरांच्या ऑफिसात गेलो. इकबाल बरोबर होता. मी गोणपाटाची गोष्ट सांगितली. दोन नंबरच्या यंत्राची चाल बदला एवढंच म्हटलं.

निमकर खुर्चीत मागे रेलले. इलेक्ट्रिशियन तिथेच होता, त्याला म्हणाले, "ऐक. ज्याला स्वतःची सही येत नाही तो आता लेसर शिकवतोय."

इकबाल म्हणाला, "साहेब, तुम्ही शिडीवर चढून एकदा बघा. दोन मिनिटं लागतील."

"काम पूर्ण झाल्याच्या कागदावर माझी सही झालीय, परकार. ती काय परत खोडू? शुक्रवार होऊ दे. पुण्याच्या बाईला सोमवारी बोलवतो."

"मग शुक्रवारपर्यंत दोन नंबर उभी ठेवा," मी म्हटलं.

"आणि आलेल्यांना काय दाखवू? तुझी शिट्टी?" आणि हे म्हटल्याबरोबर त्यांना ते सुचलं असणार. मला जवळ बोलावलं. म्हणाले, आजपासून शेडमध्ये शिट्ट्या बंद. लाखो रुपयांचं यंत्र बसवायचं आणि खाली बाजारासारखं पीं पीं चालू ठेवायचं, हे शोभत नाही. दोन्ही टोळ्यांच्या शिट्ट्या गोळा करून आण.

मी म्हटलं, शिट्टी नसेल तर वरच्याला काही कळणार नाही.

"वरच्याला दिवा आहे."

मी हललो नाही. तेव्हा त्यांनी हात पुढे केला आणि माझ्या गळ्यातली दोरी डोक्यावरून ओढून काढली. जशी लहान पोराच्या हातातली काडेपेटी काढून घेतात तशी. उजव्या हाताचा वरचा ड्रॉवर उघडला, शिट्टी आत टाकली, ड्रॉवर गुडघ्याने ढकलून बंद केला. माझं तेव्हा वय छप्पन्न. मी काही बोललो नाही. बोलायला पाहिजे होतं. शिट्टी परत घेऊन, दोन नंबरखाली आडवं पडून, कामच बंद पाडायला पाहिजे होतं. मी मान खाली घालून बाहेर आलो.

गुरुवारी सकाळी अकरा वाजून गेले होते. इकबालने एक पाइप उचलून पूर्वेकडे घेतला. काशिनाथ दोर धरून पाइपाबरोबर चालत होता. मी मागे तीस पावलांवर, पुढची साखळी मोकळी करत होतो. मान वर केली तर दोन नंबर आपला माल ठेवून मागे येत होती. तिचा क्रेनवाला धनाजी खोत, त्याची पाठ इकडे. दोघांमध्ये चाळीस फूट उरले होते. इकबालच्या केबिनमध्ये हिरवा दिवा खालूनही दिसत होता. धनाजीच्याही.

माझा हात गळ्याकडे गेला. तिथे काही नव्हतं.

मी ओरडलो. शेडमध्ये पाइप घासायची मशीन चालू असते, तिथे शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मी दोन्ही हात वर करून पळालो. इकबालची नजर काशिनाथच्या दोरावर होती, असायलाच हवी होती. काशिनाथने मला पाहिलं. मी का पळतोय ते बघायला तो थांबला आणि वर बघितलं. तेवढ्यात दोन्ही क्रेन एकमेकींवर आदळल्या. पाइप झुलला, एका बाजूची साखळी निसटली आणि पाइप खाली आला.

पुढचं मी लिहीत नाही. काशिनाथच्या आईने मला विचारलं तेव्हा तिलाही सांगितलं नाही.

तिसऱ्या दिवशी चौकशी झाली. निमकर, एक कारकून आणि मी. निमकरांचा चेहरा उतरला होता, दाढी वाढली होती. मी सगळं बोललो. गोणपाट, फोन, ड्रॉवर, सगळं. माझा आवाज चढला तरी ते मध्ये बोलले नाहीत. कारकून टाइप करत होता. मग त्यांनी मला बाहेर चहा घ्यायला पाठवलं. परत बोलावलं तेव्हा कागद तयार होता. निमकरांनी तो स्वतः उभं राहून मला वाचून दाखवला. दोन्ही यंत्रांची चाल एकच होती हे त्यात होतं. मी आदल्या दिवशी सांगितलं होतं हे होतं. शेवटी त्यांनी वाचलं, "माझी शिट्टी निमकर साहेबांनी काढून घेतली असल्यामुळे मी इशारा देऊ शकलो नाही." हे वाचताना त्यांचा आवाज घोगरा झाला.

मला वाटलं, माणूस आहे. पोराच्या मरणाने हलला. स्वतःच्या तोंडाने स्वतःचा गुन्हा वाचतोय. मी डावा अंगठा शाईत बुडवला आणि उठवला. कारकुनाने मान वर केली नाही.

दोन महिन्यांनी कंपनीने इकबालला कामावरून काढलं. निष्काळजीपणा केला म्हणून. माझं डोकं फिरलं. माझा कागद असताना हे कसं? मी निमकरांना गाठलं तर म्हणाले, वरून हुकूम आलाय, माझ्या हातात काही नाही. मी त्याच दिवशी काम सोडलं. गावी जाता जाता दाभोळला उतरलो, इकबालच्या घरी गेलो. त्याने दार उघडलं, मला बघितलं.

"दादा, परत इथे येऊ नको," तो म्हणाला आणि दार लावून घेतलं.

मी ओट्यावर उभा. त्याच्यासाठी नोकरी सोडून आलेला माणूस मी, आणि त्याने पाणीसुद्धा विचारलं नाही. तेव्हापासून मी त्याचं नाव घेणं टाकलं. हर्णैच्या बाजारात कुणी म्हणालं, परकाराने कामगार न्यायालयात दावा लावलाय, तर मी म्हणायचो, लावू दे. सात वर्षं मी त्या दारावर राग धरून बसलो. निमकरांवर होता तोही राग हळूहळू तिकडेच वळला, कारण निमकरांनी निदान खरं वाचून तरी दाखवलं होतं.

जुळी पहिलीत गेली तेव्हा सुलूचा नवरा बोटीवर आणि सुलू मासे विकायला. दुपारी त्यांना अभ्यासाला घेऊन बसायचं काम माझ्याकडे आलं. मी काय अभ्यास घेणार? तेच मला शिकवू लागले. पाटीवर मी काढलेला क बघून तन्मय म्हणायचा, आजोबा, तुमचा क जेवून आलाय. चिन्मय काही म्हणायचा नाही, पुसून परत काढायला लावायचा. ती दुसरीत गेली तोवर मला त्यांचं पुस्तक वाचता यायला लागलं. मग पेपर. दुकानांच्या पाट्या. एसटीवरची गावं. बासष्ट वर्षांचा माणूस मी, उभा राहून एसटीची पाटी मोठ्याने वाचायचो.

जानेवारीत एका दुपारी दारात एक मुलगी आली. वीसएक वर्षांची, डोक्यावर ओढणी. म्हणाली, मी नसीमा, इकबाल परकारांची. मी तिला बस म्हटलं नाही.

ती उभ्यानेच बोलली. अब्बांच्या छातीत पाणी झालंय. डॉक्टर म्हणतात फार दिवस नाहीत. दाव्याची शेवटची तारीख जवळ आलीय आणि वकील म्हणतात, तुमच्या कागदापुढे आपलं काही चालत नाही. "अब्बांनी मला पाठवलं नाही," ती म्हणाली. "मीच आलेय. मला एवढंच विचारायचंय, तुम्ही असं का केलंत?"

"काय केलं मी?"

तिने पिशवीतून कागद काढला आणि माझ्यासमोर धरला. खाली माझा अंगठा होता. तो मी ओळखला, त्यावर जुनी दोराची चीर आहे.

चष्मा नव्हता. तन्मयने आणून दिला. मी वाचायला लागलो. मला मनात वाचता येत नाही, अजूनही नाही, ओठ हलवूनच वाचतो. "मी... हरिश्चंद्र... धोंडू... पावसे... खलाशी... लिहून देतो की..." दोन्ही नातू माझ्या खांद्याशी येऊन उभे राहिले. जोडाक्षर आलं की मी अडखळायचो आणि तन्मय पुढे होऊन सांगायचा.

"घटनेच्या वेळी लेसर यंत्रणा व्यवस्थित चालू होती."

मी थांबलो. परत वाचलं.

"दुसरी क्रेन जवळ येताना पाहून मी नेहमीप्रमाणे दोन आखूड व एक लांब अशी शिट्टी वाजवून थांबण्याचा इशारा दिला. क्रेनचालक परकार यांनी शिट्टीकडे दुर्लक्ष केले."

तन्मय म्हणाला, "आजोबा, दुर्लक्ष म्हणजे काय?"

मी कागद हातातून सोडला नाही. आमची खूणसुद्धा त्यांनी त्यात घातली होती. दोन आखूड, एक लांब. मीच तोंडाने सांगितली होती त्या दिवशी, आणि तिथेच खोटं पक्कं बसलं. वाचणाऱ्याला वाटावं, एवढं बारीक सांगतोय म्हणजे खरंच सांगतोय. एक कागद मला ऐकवायला होता, आणि कागदावर दुसराच होता.

मी नसीमाला म्हटलं, "बस. पाणी घे. मग आपण निघू."

इकबाल पलंगावर उशांना टेकून बसला होता. दंड काठीसारखे झाले होते. मला बघून त्याने तोंड भिंतीकडे केलं. मी खाली जमिनीवर बसलो आणि तो कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत त्याला वाचून दाखवला, अडखळत. मग तोच कागद निमकरांनी मला कसा वाचून दाखवला होता ते सांगितलं, घोगऱ्या आवाजासकट.

त्याने तोंड माझ्याकडे वळवलं. मग म्हणाला, "तुला वाचायला कधी यायला लागलं?"

"गेल्या वर्षी."

"शिट्टी वाजली नव्हती ना, दादा?"

"वाजली नव्हती."

"नक्की?"

"इकबाल, शिट्टी त्यांच्या ड्रॉवरमध्ये होती. तू होतास तिथे."

त्याने डोळे मिटले. "होतो. ठाऊक होतं मला. पण कागदावर तुझं नाव होतं. रोज तो कागद वाचायचो. तू कशाला खोटं लिहून देशील? मग वाटायला लागलं, कुठून तरी शिट्टी मिळवली असशील तू. वाजवली असशील. मलाच ऐकू आली नसेल. शेवटी शेवटी तर मला ती ऐकू यायची, दादा. झोपेत. दोन आखूड, एक लांब. आणि मी हात बाहेर काढायचो नाही."

सात वर्षं त्या माणसाने काशिनाथचा जीव स्वतःच्या अंगावर घेतला होता, कारण त्याने माझ्यावर विश्वास ठेवला. आणि मी घरी बसून त्याच्या बंद दारावर रागावत होतो.

इकबालच्या वकिलाने अर्ज केला आणि मला साक्षीला बोलावलं. फेब्रुवारीत. मृणाल थिटेही आली. ती ती कंपनी कधीच सोडून गेली होती, तरी सुट्टी काढून आली. सतरा ऑगस्टला, बुधवारी दुपारी निमकरांना धाडलेला मेल तिने कोर्टात दिला. दोन्ही यंत्रांची चाल एकच असल्याने अंतर चुकीचं दिसेल, चाल बदलेपर्यंत क्रेन एकत्र चालवू नयेत, असं त्यात स्पष्ट होतं. खाली निमकरांचं उत्तर होतं. नोंद घेतली. एवढंच.

निमकर पहिल्या रांगेत बसले होते. केस पांढरे झालेले, शर्ट कडक इस्त्रीचा. कंपनीच्या वकिलाने मला कागद दाखवला, अंगठा तुमचाच ना असं विचारलं. मी हो म्हटलं.

"मग आता मजकूर नाकारता कसे?"

"अंगठा माझाच आहे. त्या दिवशी मला वाचता येत नव्हतं. ज्यांनी वाचून दाखवलं ते तिथे बसलेत. त्यांना विचारा, माझी शिट्टी त्या वेळी कुठे होती."

निमकरांनी चपलांकडे बघितलं.

साक्ष संपली. माझा जबाब टाइप होऊन आला आणि शिपायाने शाईचा पॅड पुढे केला. मी म्हटलं, पॅड नको, पेन द्या, आणि आधी मी हे वाचणार. पाच पानं होती. कंपनीचा वकील म्हणाला, साहेब, यात फार वेळ जाईल. न्यायाधीश बाई म्हणाल्या, जाऊ द्या.

मी वाचायला बसलो, ओठ हलवत. पाऊण तास लागला. निमकर दोनदा उठले, दोनदा बसले, घड्याळ बघत राहिले. मला घाई नव्हती. एक ओळ नीट कळली नाही तर ती मी परत वाचत होतो. चौथ्या पानावर काशिनाथच्या आडनावातलं एक अक्षर चुकलं होतं. ते मी दुरुस्त करून घेतलं, त्याच्या बाजूला सही केली, मग पानापानावर सही केली. शेवटच्या पानावर पूर्ण नाव लिहिलं. ह जरा मोठा झाला.

बाहेर व्हरांड्यात निमकर माझ्या वाटेत आले. म्हणाले, पावसे, माझ्यावरही दबाव होता, तुला माहीत नाही.

मी म्हटलं, "लिहून द्या. मी वाचीन."

ते निघून गेले. अजून आहेत, पनवेलला मुलाकडे असतात असं ऐकतो.

निकाल एकोणतीस मार्चला लागला. क्रेनचालकाचा दोष नाही, यंत्राची खूण एकच ठेवली आणि इशाऱ्याचं साधन काढून घेतलं हा व्यवस्थापनाचा दोष, असं त्यात आहे. तो मी स्वतः वाचला, नसीमाच्या घरी, ओट्यावर बसून.

काशिनाथ जानू दोरकुळकर, वय एकतीस, मेला गुरुवारी, अठरा ऑगस्ट दोन हजार अकरा रोजी, सकाळी सव्वाअकराला. इकबाल अब्दुल्ला परकार वारला सोमवारी, अकरा मार्च दोन हजार एकोणीस रोजी, दाभोळला आपल्या घरी. निकालाच्या अठरा दिवस आधी.